बुधवारचा रकाना

त्या शनिवारी बर्था सव्वापाचला आली आणि अंगातला कोट काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं, की जाताना ती वही घेऊन जाणार आहे.

ऑर्मरॉडांच्या घरात 'वही' म्हणजे आता एकच. ऑगस्टात लंडनच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस आला होता. देशात कोण काय बघतं याची मोजदाद करणारी ही कंपनी, आणि सगळ्या क्लेदरशॉ गावातून तिने एकच घर निवडलं होतं, गिरणीमागच्या रांगेतलं यांचं. त्या माणसाने टीव्हीच्या पायाशी एक करडं खोकं बसवलं. टीव्ही कधी लागला, कधी बंद झाला, बीबीसी होतं की जाहिरातींचं दुसरं चॅनल, हे सगळं खोकं आपलं आपण कागदाच्या पट्टीवर टिपून ठेवायचं. पण खोक्याला डोळे नव्हते. खुर्चीत कोण बसलंय ते त्याला कळायचं नाही, म्हणून ही वही. दर पाव तासाला एक रकाना आणि रकान्यात हजर माणसांचे आकडे. विल्फ्रेड एक, त्याची बायको हिल्डा दोन, विल्फ्रेडची आई केझाया तीन, मुलगी डोरीन चार. ज्या घरावर आपण त्रेपन्न वर्षं राज्य केलं, तिथे आपला नंबर तिसरा लागावा हे केझायाला मुळीच रुचलं नव्हतं. पण छापील कागदापुढे तिचंही काही चालेना.

वहीवर 'गृहिणीने भरावी' असं छापलेलं होतं, म्हणून ती हिल्डाकडे आली. हिल्डाच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत पडदे कुठल्या रंगाचे आणायचे, रविवारचं मटण कुठल्या खाटकाकडून घ्यायचं, एवढंच काय पोटच्या पोरीचं नाव काय ठेवायचं, हेही तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि आता लंडनचा एक माणूस दर आठवड्याला विचारत होता की बाई, तुमच्या घरात काय घडलं ते खरं खरं सांगा. हिल्डाने ते फार मनावर घेतलं. ती शाईने लिहायची आणि खाडाखोड करायची नाही. स्वतः घरी नसली तर आल्यावर एकेकाला गाठून विचारायची. कुणी उडवाउडवी केली तर पेन उघडंच धरून समोर उभी राहायची, आणि त्या शांत उभं राहण्यापुढे माणसं कबूल होऊन जायची.

त्यामुळे या आठवड्याच्या वहीत काय काय होतं ते पूर्णपणे एकट्या हिल्डालाच ठाऊक होतं. गुरुवारी विल्फ्रेडने घसा बसल्याचं सांगून चॅपेलच्या गायनवृंदाच्या तालमीला दांडी मारली आणि दुसऱ्या चॅनलवर घोडेस्वारांच्या गोळीबाराचा खेळ पाहिला. शुक्रवारी डोरीन आणि तिचा डेरेक दिवे मालवून दोन तास टीव्हीसमोर होते. कुठला कार्यक्रम, ते दोघांनाही सांगता आलं नाही, म्हणून हिल्डाने आकडे लिहून नावाची जागा कोरी ठेवली.

आणि बुधवार. बुधवारी नऊ ते पावणेदहा, दुसरं चॅनल, कुस्ती, हजर माणूस एकच. तीन.

"वही कशाला गं तुला?" केझायाने विचारलं. ती टेबलाच्या टोकाला तिच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली होती आणि आवाज अगदी नेहमीचा होता.

बर्था म्हणजे केझायाची मुलगी, विल्फ्रेडची धाकटी बहीण. लोखंडी सामानाच्या दुकानवाल्या क्लिफर्डशी लग्न करून ती टेकडीवर राहायला गेली होती आणि तेव्हापासून खाली येताना नेहमी काहीतरी योजना घेऊन यायची. करडं खोकं आपल्याकडे न येता हिल्डाकडे आलं याचा सल तिच्या मनात होताच. आजची योजना अशी: उद्या सकाळी उपासनेनंतर आई अर्ज वाचून दाखवणार. बुधवारी, भर प्रार्थनासभेच्या संध्याकाळी, ते दुसरं चॅनल अर्ध्या चड्डीतल्या लठ्ठ पुरुषांची कुस्ती घराघरात दाखवतं ते बंद करावं, असा तो अर्ज. त्रेसष्ट सह्या, पहिली केझाया ऑर्मरॉडची, चॅपेलमधल्या बायकांच्या वर्गाची तीस वर्षांची प्रमुख म्हणून. अर्ज वाचून झाला की बर्था ही वही वर धरणार. लंडनच्या कंपनीची, छापील, अधिकृत. एक सालस कुटुंब दुसऱ्या चॅनलला हात न लावता अख्खा आठवडा कसं काढतं, याचा पुरावा. नव्या पाद्रीसाहेबांना तिने सांगूनही ठेवलं होतं आणि ते म्हणाले होते की कल्पना उत्तम आहे.

टेबलावर डब्यातला साल्मन मासा, गाईच्या जिभेचे थंड काप, बीटाचं लोणचं आणि लोणी लावलेल्या पावाची चळत होती. विल्फ्रेडचा हात लोणच्याच्या बरणीवर होता तो तिथेच राहिला. डोरीनने पावाचा तुकडा न चावता गिळला. क्लिफर्डने मात्र साल्मन वाढून घेतला, कारण त्याला यातलं काहीच लागू नव्हतं.

"सोमवारी वही पोस्टात टाकायची असते," हिल्डा म्हणाली.

"टाक की. मी उद्या दुपारी आणून देते."

"वही घराबाहेर न्यायची नाही, असं सूचनांत आहे."

"चॅपेल म्हणजे काय घराबाहेर झालं?" बर्था म्हणाली.

हिल्डाने सासूकडे पाहिलं. केझाया चहात साखर ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होती.

बुधवारचं प्रकरण सप्टेंबरपासूनचं. अर्जावर सही केझायाने वसंतात केली होती, तेव्हा तिने कुस्ती कधी पाहिलेलीच नव्हती. पुढे तिच्या मनाने घेतलं, की ज्याच्या विरोधात आपण सही केली ते निदान एकदा डोळ्यांखालून घालायला हवं. न्यायाला धरून तेच योग्य. एका बुधवारी तिचा गुडघा दुखायला लागला आणि ती प्रार्थनासभेला गेली नाही. तेव्हापासून तो गुडघा दर बुधवारी सातच्या सुमाराला दुखत होता आणि गुरुवारी सकाळी ठणठणीत होत होता. नऊ बुधवार झाले, तिची पाहणी काही पुरी होईना. विल्फ्रेड सभेनंतर चॅपेल गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या समितीला थांबायचा, डोरीन शिकवणीला जायची. मागच्या स्वयंपाकघरात हिल्डा इस्त्री करत असायची. पुढच्या खोलीतून आधी बटणाचा खट्ट आवाज यायचा आणि थोड्या वेळाने गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने खुर्चीचा हात बडवल्याचा.

बटणाची गोष्टही सांगायला हवी. टीव्ही घरात आला तो केझायाच्या अटीवर, की दुसरं चॅनल लागणार नाही. तिने स्वतःच्या हाताने बटणाच्या त्या खुणेवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली होती. ऑगस्टपासून ती पट्टी इतक्या वेळा निघाली आणि लागली, की आता तिच्यात चिकटपणा औषधालाही उरला नव्हता. घरातल्या प्रत्येकाला वाटायचं की हा आपल्याच एकट्याचा पराक्रम.

साडेसहाला टेबल आवरलं, दिवे मालवले आणि सगळे टीव्हीसमोर ओळीने बसले. टीव्ही तापायला मिनिटभर लागलं, मग आधी आवाज आला आणि मागून बातम्या सांगणाऱ्याचं तोंड उमटलं. केझायाने त्याला मान लववून नमस्कार केला, ती रोजच करायची. वही टीव्हीशेजारच्या कपाटावर नेहमीच्या जागी होती. बर्था बरोबर तिच्या लगतच्या खुर्चीत जाऊन बसली आणि आपली हातपिशवी तिने वहीवर ठेवली.

बातम्यांनंतर हवामान, हवामानानंतर दोन गावांच्या गायनवृंदांचा सामना. पहिलं गाव उभं राहिलं तसा विल्फ्रेड उठला आणि सर्वांना चहा विचारू लागला. विल्फ्रेड गिरणीत मागांवर देखरेख करणारा जॉबर, बावन्न वर्षांचा माणूस, पण घरात त्याने आजवर स्वतःचा कपही कधी विसळला नव्हता. त्याने ट्रे आणला, अंधारात कपाटापाशी थांबला, आणि एक कप हळूच कलंडू लागला.

"विल्फ्रेड, माझी पिशवी," बर्था मान न वळवता म्हणाली.

कप सरळ झाला. थोड्या वेळाने डोरीनने आत्याला विचारलं की तुझी पाठ दुखत असेल तर उशी देऊ का, आणि उशी देता देता तिचा दुसरा हात पिशवीखाली सरकला. बर्थाने तो हात प्रेमाने धरून ठेवला आणि म्हणाली, की किती थंड पडलाय पोरी, माझ्याजवळच बस. डोरीन बिचारी सामना संपेपर्यंत आत्याच्या मांडीला मांडी लावून बसली. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. गेले सहा महिने डेरेकवरून त्या दोघांचं धड बोलणं नव्हतं, आणि आज एका वहीपायी दोघं एका बाजूला आले होते. क्लिफर्ड तेवढा मन लावून गाणं ऐकत होता. त्याच्या मते दुसऱ्या गावाचे खर्जातले आवाज चांगले होते, आणि हे त्याने दोनदा बोलून दाखवलं.

"हिल्डा, भांडी राहिलीत ना? चल, मी पुसते," केझाया म्हणाली.

केझायाने भांडी पुसण्याला दहाएक वर्षं तरी लोटली असतील. हिल्डा मुकाट्याने तिच्यामागे आत गेली.

मागच्या खोलीत नळाखालच्या दगडी कुंडीत हिल्डाने गरम पाणी ओतलं. केझायाने दार लावून घेतलं, फडकं हातात घेतलं आणि पहिली बशी बराच वेळ पुसली.

"तू लिहिलंयस का?"

"काय, आई?"

"उगाच वेड पांघरू नकोस. बुधवार."

"लिहिलंय."

"माझा आकडा?"

"तुमचाच. तुम्ही होतात ना तिथे."

केझायाने बशी ठेवली. तिला ओरडायचं होतं, पण भिंत पातळ होती आणि पलीकडे बर्था होती. मग तिने हिशेबाने बोलायला सुरुवात केली. चॅनल बदलता येणार नाही हे तिला कळत होतं, कारण खोक्यातल्या पट्टीवर ते उमटलेलं होतं आणि लंडनला दोन्ही ताडून पाहतात. पण बघणारं माणूस कोण, ते फक्त वहीत. तिथे एक आकडा बदलला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. विल्फ्रेडचा आकडा घालता आला असता, पण तो पाद्रीसाहेबांच्याच शेजारी बसून बॉयलर बघत होता. डोरीनच्या हजेरीची नोंद शिकवणीत. राहता राहिलं कोण?

"तू घरीच होतीस," केझाया म्हणाली. "तिनाच्या जागी दोन कर. शाईने तिनाचा दोन करणं काही अवघड नाही."

हिल्डाचे हात पाण्यात होते ते तसेच राहिले.

"म्हणजे उद्या चॅपेलमध्ये बर्था वर धरून दाखवील, तेव्हा कुस्ती बघणारी मी."

"तुला काय फरक पडतो गं? तू काही वर्गाची प्रमुख नाहीस. चार दिवस बोलतील आणि विसरतील. माझी तीस वर्षं जातील." मग आवाज खाली आणून ती अशी एक गोष्ट बोलली, जी हिल्डाने या घरात कधी ऐकली नव्हती. "विनंती समज."

हिल्डाला राग आला. राग विनंतीचा नव्हता, विनंतीने तर ती विरघळलीच असती. पण 'तुला काय फरक पडतो' हे बावीस वर्षं ती ऐकत आली होती, आणि वही हातात आल्यापासून प्रथमच तिला वाटू लागलं होतं की पडतो, थोडा का होईना. आता त्याच वहीत स्वतःच्या अक्षराने खोटं लिहायचं. आणि नाही लिहिलं तर उद्या ही म्हातारी सगळ्या गावासमोर उघडी पडणार, आणि परवापासून हिच्याच घरात, हिच्याच टेबलावर जेवायचं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी हिल्डाने स्वतःशीसुद्धा नीट कबूल केली नव्हती. बुधवारी ती इस्त्री करत नव्हती. म्हणजे इस्त्री हातात होती, पण उभी ती दोन्ही खोल्यांमधल्या दारात होती. पहिल्या बुधवारी आवाज कसला म्हणून डोकावली, दुसऱ्या बुधवारी कोण जिंकलं म्हणून, आणि पुढे कारण शोधायचंही तिने सोडून दिलं. सूचनांत 'खोलीत हजर असलेली व्यक्ती' असं होतं. दार म्हणजे खोली नव्हे, असं तिने ठरवलं होतं आणि स्वतःला वगळलं होतं. तेव्हा आता दोन लिहिलं तर ते निम्मं खरंच झालं असतं. या निम्म्या खऱ्यानेच तिचा जीव जास्त खाल्ला.

"बघते," ती म्हणाली.

"बघते म्हणजे?"

"म्हणजे बघते, आई."

त्या परत आल्या तेव्हा सामना संपून पोलिसांची गोष्ट सुरू झाली होती. टोपीवाल्या इन्स्पेक्टरने एका बाईला विचारलं की मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे होतात, आणि खोलीतले निम्मे लोक खुर्चीत सावरून बसले. बाई म्हणाली की घरीच होते. इन्स्पेक्टर म्हणाला की याला साक्षीदार आहे का. विल्फ्रेडने घसा खाकरला. हिल्डा उभ्यानेच कपाटापाशी गेली, म्हणाली की या पाव तासाची नोंद करायची आहे, तेव्हा बर्थाला पिशवी उचलावी लागली. वही हिल्डाच्या हातात आली. तिने टेबलावरचा छोटा दिवा लावला, पेन उघडलं आणि आजच्या पानावर एक, दोन, तीन, चार आणि दोन पाहुणे अशी नोंद केली. मग पानं मागे उलटली. बुधवार समोर आला. तो तिनाचा आकडा तिच्या नेहमीच्या वळणाचा, नीटस होता. पेनाचं टोक त्याच्यावर गेलं. मागून केझायाची नजर तिच्या मानेवर होती, ती तिला न बघता कळत होती. पोलिसांच्या गोष्टीतली बाई रडू लागली.

हिल्डाने टोपण लावलं. तिच्याच्याने होईना.

"पाहुणे काय गं?" बर्थाने विचारलं. ती खांद्यावरून वाकून बघत होती.

"पाहुण्यांचा वेगळा रकाना असतो. बाई की पुरुष, आणि वयाचा गट. पस्तीस ते चव्वेचाळीस, पंचेचाळीस ते चोपन्न, असे."

बर्था पुन्हा खुर्चीत टेकली. तिच्या डोक्यात काहीतरी मागे मागे जात होतं ते चेहऱ्यावर दिसलं. मंगळवारी ती केकचं भांडं न्यायला आली होती. आई शिवणमंडळात गेली होती. हिल्डाशी बोलता बोलता कुणीतरी बटण फिरवलं होतं, आणि दुसऱ्या चॅनलवरच्या इस्पितळाच्या गोष्टीत तो देखणा डॉक्टर शेवटी त्या नर्सला काय म्हणतो ते ऐकूनच ती उठली होती.

"मंगळवारीसुद्धा लिहिलंस?"

"लिहिलं."

"वय?"

"पंचेचाळीस ते चोपन्न."

बर्था गेली काही वर्षं त्रेचाळीसची होती. क्लिफर्डलाही त्रेचाळीसच ठाऊक होतं, आणि आता तो आज संध्याकाळी पहिल्यांदाच टीव्हीवरून नजर काढून बायकोकडे बघत होता. खोलीत तिचं खरं वय बेधडक सांगू शकणारं माणूस एकच होतं, तिला जन्म देणारं.

"शेहेचाळीस," केझाया म्हणाली. "जानेवारीत सत्तेचाळीस."

पुढच्या दोन मिनिटांत पारडी भराभर फिरली. बर्था म्हणाली की एवढी महत्त्वाची वही खरं तर घराबाहेर नेऊच नये, सूचना त्या सूचना. विल्फ्रेड म्हणाला, अगदी बरोबर. डोरीन म्हणाली की आत्याचं नेहमी पटतं आपल्याला. ज्या तिघांचं गेल्या नाताळपासून एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते तिघे एका सुरात बोलू लागले. एक क्लिफर्ड तेवढा म्हणाला, की पाद्रीसाहेबांना सांगून ठेवलंय त्याचं काय, पण बर्थाने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा इन्स्पेक्टरकडे वळला. वही घरातच राहिली, आणि हिल्डा वाचली. तिने ती कपाटावर ठेवली. तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सगळ्यांनी मिळून वही लपवली होती आणि तीही त्यांच्यात होती.

तेवढ्यात केझाया उठली. आधी तिने टीव्ही बंद केला. इन्स्पेक्टर आक्रसत जाऊन काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका झाला आणि विझला. मग तिने भिंतीवरचा मोठा दिवा लावला. चालू कार्यक्रम तिने आजवर कधी बंद केला नव्हता.

"ती वही इकडे आण," ती हिल्डाला म्हणाली.

तिने चष्मा लावला आणि वही दोन्ही हातांत धरून उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशीच. गुरुवारच्या त्या वर्गात तीस वर्षं तिने गावातल्या बायकांना एकेक करून उभं केलं होतं आणि विचारलं होतं, की बाई, या आठवड्यात तुझा आत्मा कसा होता, खरं सांग. बायका रडल्या होत्या, कबूल झाल्या होत्या. हिल्डाही दर गुरुवारी उभी राहिली होती. केझायाला मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारणारी तीच.

"बुधवार," तिने वाचलं. आवाज चॅपेलमधला होता. "नऊ ते पावणेदहा. दुसरं चॅनल. कुस्ती. हजर, तीन." तिने चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "तीन म्हणजे मी."

बर्थाचं तोंड उघडं होतं.

"हा एकच बुधवार वहीत आहे, पण बुधवार नऊ झाले. गुडघ्याला काही झालेलं नाही. मघाशी मी हिल्डाला आत नेऊन सांगितलं, की हे पाप तुझ्या नावावर लिही. तिने लिहिलं नाही. बरं झालं. उद्या त्या अर्जावरचं माझं नाव मी सगळ्यांसमोर खोडणार आहे, आणि का खोडतेय ते सांगणार आहे. वर्ग दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर द्या." मग ती जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "त्या हडर्सफील्डच्या जाड्याला मात्र पंचांनी उगाच बाद ठरवलं. त्याचे खांदे टेकले नव्हते."

"नव्हतेच टेकले," हिल्डा म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं. विल्फ्रेडने बायकोकडे पाहिलं, डोरीनने आईकडे. हिल्डाला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं.

केझायाला मात्र काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने वही टेबलावर ठेवली, बुधवारच्या पानावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहू दिलं.

"यात दोन चुका आहेत. एक, मी पावणेनऊपासून बसले होते. तू मागे कोळसा आणायला गेली होतीस. त्याआधीची साबणाची जाहिरातसुद्धा बघितली. ते लिही."

हिल्डाने लिहिलं.

"आता दुसरी. दारात इस्त्री घेऊन एक बाई उभी होती. तिचा आकडा कुठाय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"टीव्हीच्या काचेत दार दिसतं, हिल्डा. नऊ बुधवार दिसतंय."

हिल्डाने खाली बघत सांगितलं, की सूचनांप्रमाणे माणूस खोलीत असावं लागतं, आणि दारात उभं असलेलं माणूस खोलीत धरायचं की नाही ते त्यात नीट दिलेलं नाही. बोलताना तिचा आवाज कापला आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"बावीस वर्षं तू या घरात दारातच उभी आहेस," केझाया म्हणाली. ती हे मऊपणाने म्हणाली नाही, तिला ते जमतच नव्हतं. तिने मागची, विल्फ्रेडच्या बापाची रिकामी खुर्ची, जिच्यात गेली अकरा वर्षं कुणाला बसू दिलं नव्हतं, ती धरून आपल्या खुर्चीशेजारी खरडत आणली. "बुधवारी इथे बसायचं. इस्त्री गुरुवारी कर. आणि आता लिही."

हिल्डाने डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि तिनाच्या शेजारी, नेहमीच्या वळणात, दोन लिहिलं.